वॉर्डातून अधिष्ठात्यांच्या खुर्चीत: या कामाची तयारी कोण करून घेतं?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. इथे डॉक्टर बरेच आहेत आणि सरकारी इस्पितळांचा अनुभव असलेलेही, म्हणून हा धागा काढतेय.

माझी मोठी बहीण मेडिसिनची प्राध्यापक आहे, एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विभागप्रमुख. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कॉलेजात अधिष्ठाता (डीन) म्हणून पदभार घ्याल का, अशी तिला विचारणा झाली आहे. घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, एवढा मान चालून आलाय तर नाही कशाला म्हणायचं? भावोजींचं म्हणणं, तुझा हात रुग्णाच्या नाडीवर असतो तेव्हा तू तू असतेस, फायलींमध्ये जीव रमेल का? ताई दोघांचंही ऐकून घेते आणि गप्प बसते.

मी स्वतः वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण या निमित्ताने लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकरांची कारकीर्द नीट वाचून काढली. फर्ग्युसनमध्ये शिकलेली मुलगी, मग पुण्यात वानवडीचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय, 1982 मध्ये सैन्यात डॉक्टर म्हणून रुजू. बालरोगात एमडी, पुढे दिल्लीच्या एम्समध्ये मुलांच्या मूत्रपिंडविकारांचं प्रशिक्षण. वर्षानुवर्षं वॉर्ड आणि वर्ग. मग एएफएमसीच्या अधिष्ठाता, त्यानंतर उधमपूरला उत्तर कमांडच्या वैद्यकीय सेवेत मेजर जनरल, 2020 मध्ये लेफ्टनंट जनरल आणि 2021 मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू. वाचताना मला त्यांच्या पदांपेक्षा त्यांमधल्या पायऱ्या महत्त्वाच्या वाटल्या. प्रत्येक जबाबदारी आधीच्यापेक्षा थोडी मोठी होती.

ताईच्या बाबतीत मधल्या पायऱ्याच नाहीत. आज ती तिच्या विभागातले लोक आणि खाटा सांभाळते. उद्या अख्खं कॉलेज, वसतिगृह, इस्पितळ, खरेदी, कोर्टकचेऱ्या सगळं तिच्या सहीवर चालणार. मला विचारायचंय ते एवढंच: उत्तम फिजिशियन आपोआप उत्तम अधिष्ठाता होतो का? आणि नसेल होत, तर ही तयारी आपल्याकडे कोण करून घेतं?

शस्त्र_म्यान

धाग्याबद्दल आभार. मी शल्यचिकित्सेचा निवृत्त प्राध्यापक. आयुष्य सरकारी कॉलेजांत गेलं, अधिष्ठाता झालो नाही, पण त्यांच्या हाताखाली उपअधिष्ठाता म्हणून काम केलं. तेव्हा दिवस कसा जातो ते जवळून पाहिलंय.

लोकांना वाटतं की अधिष्ठाता म्हणजे कॉलेजचे मुख्याध्यापक. प्रत्यक्षात त्यांच्या अंगावर दोन संस्था असतात. एक कॉलेज, एक इस्पितळ. आपल्या पुण्याच्या बीजे मेडिकलचंच घ्या. 1946 मध्ये त्याचं महाविद्यालय झालं, त्याला जोडलेलं ससून इस्पितळ त्याच्या कितीतरी आधीचं, 1867 चं. आज एमबीबीएसच्या एका वर्षाला अडीचशे जागा आणि शेजारी हजाराहून जास्त खाटांचं इस्पितळ. दोन्हींचा शेवटचा कागद एकाच टेबलावर येतो.

सकाळी राऊंडला निघावं तर फोन येतो: अधिवेशन चालू आहे, तारांकित प्रश्नाचं उत्तर बारापर्यंत मंत्रालयात हवं. ते लिहीपर्यंत लेखाधिकारी लेखापरीक्षणाचे परिच्छेद घेऊन उभे. मग वसतिगृहात पाणी नाही म्हणून मुलं आलेली. मग एका नेत्याच्या माणसाला आयसीयूत खाट हवी, ती खाट नाही. दुपारी औषधांचा प्रश्न. मध्यंतरी, 2017 पासून, राज्याच्या इस्पितळांची खरेदी हाफकिन या सरकारी संस्थेमार्फत होत होती, आता 2023 पासून वेगळं प्राधिकरण आहे. वरून पुरवठा लांबला की स्थानिक खरेदी करायची, तिची मर्यादा ठरलेली. ती ओलांडली तर चौकशी आणि न ओलांडावी तर रुग्णाला बाहेरून इंजेक्शन आणायची चिठ्ठी. यांपैकी काय करायचं हे एमडीच्या कुठल्या पेपरात विचारतात?

शौचालय तुंबलं तर सार्वजनिक बांधकाम विभागाला पत्र. लिफ्ट बंद पडली, पत्र. चतुर्थ श्रेणीची पदं रिक्त, भरण्याचा अधिकार आपल्याकडे नाही. मामा-मावशी, म्हणजे वॉर्डातले सफाई कामगार आणि मदतनीस, कमी पडले की वॉर्ड अस्वच्छ होतो आणि जाब मात्र अधिष्ठात्यांना.

ताईंना घाबरवायला हे लिहीत नाही. पद घेण्याआधी हे माहीत असावं म्हणून लिहितोय.

नाइट_ड्युटी

नांदेडचं सरकारी इस्पितळ आठवलं. 2023 चा ऑक्टोबर. 24 तासांत 24 मृत्यू, त्यांतली 12 नवजात बाळं. दुसऱ्या दिवशी एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं, सगळ्या वाहिन्यांनी दाखवलं. मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो, दुसऱ्या शहरात. आमच्या मेसमध्ये त्या रात्री कोणी बोलत नव्हतं. ज्या माणसाच्या हातात ना सफाई कामगारांची भरती, ना औषधांची खरेदी, त्याच्या हातात झाडू.

मुठाकाठ

@शस्त्र_म्यान, तुमचा प्रतिसाद ताईला वाचून दाखवला. स्थानिक खरेदीच्या भागावर ती म्हणाली, "हे मला कोणीच सांगितलं नव्हतं." पंचवीसेक वर्षं सरकारी सेवेत असलेली बाई हे म्हणते, यातच बरंच आलं.

वानवडीकर

एएफएमसीचा विषय निघालाय तर लिहितो. मी तिथला विद्यार्थी, पुढे सैन्यातच नोकरी, आता निवृत्त.

कॉलेज 1948 चं, एमबीबीएसची तुकडी 1962 पासून. तिथे प्रमुखपदी बसणारा अधिकारी त्याआधी कुठल्या ना कुठल्या इस्पितळाची किंवा वैद्यकीय तुकडीची कमान सांभाळून आलेला असतो. तरुण कॅप्टन डॉक्टरलाही एखाद्या फील्ड पोस्टिंगवर रुग्ण तपासण्याबरोबर औषधांचा साठा, गाड्या, माणसं, रेशन बघावं लागतं. भांडाराची मोजणी स्वतः करावी लागते आणि हिशेब जुळला नाही तर उत्तरही स्वतःच द्यावं लागतं. पुढे दर बढतीच्या टप्प्यावर प्रशासनाचे कोर्स. त्यामुळे एखादा माणूस पन्नाशीत संस्थेचा प्रमुख होतो तेव्हा फाइल त्याला परकी नसते. 2004 मध्ये पुनीता अरोरा एएफएमसीच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. त्या मुळात स्त्रीरोगतज्ज्ञ, त्याच कॉलेजच्या सुरुवातीच्या तुकडीतल्या. पण प्रमुखपद त्यांच्यापर्यंत कमान सांभाळत सांभाळत आलं.

सैन्याचं सगळं नागरी कॉलेजात चालणार नाही, हे मान्य. आमच्याकडे शिस्त वरून येते, पैसाही बऱ्यापैकी वेळेवर येतो. पण पायरीपायरीने जबाबदारी देणं, याला काही जास्त पैसा लागत नाही.

हिशेबनीस

थोडा वेगळा मुद्दा. एवढं सगळं जर प्रशासनच असेल, तर तिथे डॉक्टर हवाच कशाला? एखादा सनदी अधिकारी किंवा रुग्णालय व्यवस्थापन शिकलेला माणूस नेमा. डॉक्टरांनी रुग्ण बघावेत, शिकवावं. चांगला फिजिशियन घडवायला समाजाची तीस वर्षं खर्ची पडतात आणि आपण त्याला निविदा उघडायला बसवतो. मला हा शुद्ध अपव्यय वाटतो.

शस्त्र_म्यान

@हिशेबनीस, प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल एक पाहिलेली गोष्ट सांगतो. कॉलेजचं नाव घेत नाही.

आमचे तेव्हाचे अधिष्ठाता मेडिसिनचे. रुजू झाल्यावर त्यांनी दर आठवड्याची मृत्यूंची बैठक स्वतः घ्यायला सुरुवात केली. आधी ती कागदोपत्री व्हायची. तक्ता समोर आला की एरवी आम्ही फक्त एकूण आकडा बघायचो. हे केसपेपर मागवायचे आणि प्रत्येकावर मृत्यूची वेळ बघायचे. एका पुरुष वॉर्डात पहाटे दोन ते पाचमध्ये जास्त रुग्ण जातायत असं त्यांना दिसलं. आम्ही म्हटलं, गंभीर रुग्ण आहेत, होणारच. ते एका रात्री न सांगता वॉर्डात जाऊन बसले. सक्शन मशीन एकच, ते दोन वॉर्डांत फिरायचं. रात्री दुसऱ्या वॉर्डातल्या कपाटात कुलपात राहायचं आणि किल्ली खालच्या मजल्यावरच्या सिस्टरकडे. बेशुद्ध रुग्णाच्या घशात स्राव साचला की मावशी जिना उतरून किल्ली आणायला धावायच्या. दुसऱ्या दिवशी मशीन खाटेशेजारी आलं आणि कुलूप गेलं. आठवड्याभरात स्थानिक खरेदीतून दुसरं मशीनही आलं.

व्यवस्थापकाला त्या तक्त्यात आकडा दिसला असता. पहाटेचे मृत्यू, बेशुद्ध रुग्ण आणि सक्शन यांची सांगड घालायला आयुष्यभर वॉर्डात काढलेला माणूस लागतो. म्हणून त्या खुर्चीत डॉक्टर हवा. मात्र त्याच्या हाताशी पक्का प्रशासकीय अधिकारी आणि लेखाधिकारी हवा, आणि इस्पितळाचं रोजचं काम बघायला अधिकार असलेला वैद्यकीय अधीक्षक हवा. सध्या अधीक्षकाचं काम बहुतेकदा एखाद्या विभागातल्या प्राध्यापकाच्या गळ्यात अतिरिक्त म्हणून पडतं, तिथे गाडं अडतं.

रास्ता_पेठ

सक्शनच्या किल्लीचं वाचून अंगावर काटा आला.

मी रुग्णाच्या बाजूने लिहिते. आमच्या काकूंना ज्या डॉक्टरांनी दम्यातून वर काढलं, ते पुढे अधिष्ठाता झाले आणि ओपीडीत यायचे बंद झाले. काकू तरी दर महिन्याला त्याच खोलीसमोर जाऊन बसायच्या. नवीन डॉक्टर वाईट नव्हते, पण त्यांना काकूंच्या घरातली चूल, शेणाचा धूर, थंडीतलं औषध विसरणं यांतलं काही ठाऊक नव्हतं. काकूंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तेव्हा मला राग आला होता. आज हा धागा वाचून कळतंय की ते डॉक्टर दिवसभर कुठे अडकलेले असतील.

आणि आमच्या पेठेतल्या केईएम रुग्णालयाचा उल्लेख इथे व्हायलाच हवा. ते काही वैद्यकीय महाविद्यालय नव्हे, पण डॉक्टरने संस्था कशी उभी करावी याचं पुण्यातलं उदाहरण तेच. डॉ. बानू कोयाजी 1944 मध्ये तिथे आल्या तेव्हा ते चाळीस खाटांचं छोटं प्रसूतिगृह होतं. त्यांच्या हयातीत पाचशेच्या वर खाटांचं सर्वसाधारण रुग्णालय झालं. पुढे वढूला ग्रामीण प्रकल्प सुरू केला, गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. 1993 मध्ये मॅगसेसे मिळालं. संस्था चालवणं हा त्यांच्या लेखी रुग्णसेवेचाच भाग होता.

जुनी_पानं

इतिहासातली काही माणसं मांडतो.

मुंबईचं जी. एस. मेडिकल आणि केईएम 1926 मध्ये सुरू झालं. देणगीची अट अशी की शिकवणारे भारतीय हवेत. त्या काळी वैद्यकीय शिक्षणातल्या वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत, तेव्हा ही अट केवढी मोठी होती! पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता. लंडनला शिकलेले फिजिशियन, गांधीजींचे डॉक्टर. 1942 पर्यंत त्यांनी ती संस्था सांभाळली. पुढे 1960 मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, पण माझ्या मते त्यांचं सर्वांत टिकाऊ काम परळला उभं आहे.

वेल्लोरच्या आयडा स्कडर. 1918 मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. पुढे पदविकेच्या शाळांना पदवीचा दर्जा मिळवणं भाग झालं, नाहीतर शाळा बंद. सत्तरीकडे झुकलेल्या बाई अमेरिकेत फिरून पैसे गोळा करत होत्या. 1942 मध्ये एमबीबीएसला मान्यता मिळाली.

आणि आपल्या सेवाग्रामच्या सुशीला नायर. आधी गांधीजींच्या डॉक्टर, 1962 ते 1967 केंद्रात आरोग्यमंत्री, आणि त्यानंतर 1969 मध्ये, गांधी शताब्दीच्या वर्षी, खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय काढलं. मंत्रिपदानंतर माणसं आराम करतात. या बाईंनी विद्यार्थ्यांना गावात नेऊन राहायला लावलं, कुटुंबं वाटून दिली. डॉक्टर कुठे घडवायचा, याविषयी त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं आणि संस्था त्या मताभोवती बांधली.

तिघांत मला एक समान धागा दिसतो. त्यांना संस्थेकडून काय हवंय ते पहिल्या दिवशी माहीत होतं, आणि ते घडवायला त्यांना भरपूर वर्षं मिळाली. मेहतांना पंधराच्या वर. आज प्रभारी अधिष्ठात्याला पुढच्या बदलीच्या यादीत आपलं नाव आहे की नाही, हेही ठाऊक नसतं.

नाइट_ड्युटी

वर्षांच्या मुद्द्याला अनुमोदन. माझ्या निवासी काळात अधिष्ठाता बदलत राहिले. प्रत्येक जण आल्यावर वसतिगृहाची पाहणी, आश्वासन, फोटो. गळती तशीच.

एक मात्र वेगळे होते. कॅज्युअल्टीत नातेवाइकांनी आमच्या एका सहकाऱ्याला मारहाण केली तेव्हा मार्डने, म्हणजे आमच्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने, काम बंद करायचं ठरवलं होतं. हे मध्यरात्री आले. आधी मार खाल्लेल्या मुलाचा एक्स-रे स्वतः बघितला. मग नातेवाइकांशी बोलले, कारण त्यांचा माणूस गेला होता. मग पोलिसांत तक्रार द्यायला आमच्याबरोबर स्वतः आले, संस्थेच्या वतीने सही त्यांची. हे सगळं झाल्यावर आम्हाला म्हणाले, आता आत वीस रुग्ण आहेत, चला. आम्ही गेलो. संप टळला तो भाषणाने नव्हे. तो माणूस आमच्याबरोबर स्टेथो घेऊन आत आला म्हणून टळला.

हिशेबनीस

वाचून मत बदललं. डॉक्टरच हवा. पण मग तयारीचा प्रश्न आणखी मोठा होतो. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात एका झटक्यात 10 नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली. गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा, जालना वगैरे. आपल्या महापालिकेनेही 2022 पासून मंगळवार पेठेत कमला नेहरू रुग्णालयाला जोडून स्वतःचं कॉलेज काढलंय. इमारत दाखवता येते, जागा मोजता येतात. एवढ्या कॉलेजांना चालवणारी माणसं कुठे तयार होतायत? जिल्हा रुग्णालयाला कॉलेजचा फलक लागला म्हणून तिथे शिकवण्याची शिस्त येत नाही, ती कोणीतरी लावावी लागते.

वानवडीकर

अगदी. आणि नव्या कॉलेजात तर पहिला अधिष्ठाता जे वळण लावेल ते पुढची कित्येक वर्षं टिकतं. शवविच्छेदनाच्या टेबलावर विद्यार्थी शरीराशी आदराने वागतो का, राऊंडला प्राध्यापक वेळेवर येतात का, परीक्षेत खोटा केसपेपर चालतो का. तिथे अनुभवी माणूस पाठवायला हवा, आणि पाठवला जातो तो बहुधा ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही असा.

शस्त्र_म्यान

माझ्या मते करण्यासारखं खूप काही नाही, पण ते मुळापासून करायला हवं. सहयोगी प्राध्यापक झाल्यावरच प्रत्येकाला आळीपाळीने एक बिगरवैद्यकीय जबाबदारी द्या: वसतिगृह, औषध भांडार, जनआरोग्य योजनेचे दावे, जैववैद्यकीय कचरा. दोन-दोन वर्षं. ज्यांना यात गती आहे ते आपोआप दिसतात. त्यांना उपअधिष्ठाता करा. मग लोकसेवा आयोगामार्फत नियमित नेमणूक, आणि निदान पाच वर्षं हलवू नका. प्रभारी ठेवणं बंद करा, कारण प्रभारी माणूस कडक निर्णय घेत नाही आणि घेतला तर टिकत नाही.

आणि आठवड्यातली एक सकाळ ओपीडी, एक राऊंड. डॉ. तात्याराव लहाने जे. जे.चे अधिष्ठाता असतानाही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करत राहिले. ज्या दिवशी अधिष्ठात्याला ओपीडीची रांग फक्त खिडकीतून दिसायला लागते, त्या दिवसापासून त्याला खोटे अहवाल खरे वाटायला लागतात.

मुठाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी ताई घरी आली होती, संपूर्ण धागा तिने स्वतः वाचला. सक्शनचा प्रसंग दोनदा वाचला.

ती हो म्हणणार आहे. भावोजींना तिने सांगितलं की बुधवारची ओपीडी ती सोडणार नाही, नव्या ठिकाणीही. वरिष्ठांना ती लेखी विचारणार आहे: पदभार नियमित की प्रभारी, स्थानिक खरेदीचे अधिकार किती, आणि पूर्णवेळ वैद्यकीय अधीक्षक मिळणार का. अधीक्षकाबद्दल नकार आला तर ती पुन्हा विचार करेल असं म्हणाली, आणि मला ते योग्य वाटतं. आई खूश आहे, मी थोडी धास्तावलेली आहे.

@शस्त्र_म्यान, तिचा तुम्हाला एक प्रश्न. पहिल्या आठवड्यात काय बघावं?

शस्त्र_म्यान

ताईंचं अभिनंदन. त्यांनी विचारलेले तिन्ही प्रश्न नेमके आहेत.

पदभाराच्या यादीवर सही करण्याआधी औषध भांडारात स्वतः जा. नोंदवहीतला साठा आणि फळीवरचा साठा, निदान महत्त्वाची प्रतिजैविकं, सलाइन आणि सर्पदंशावरचं प्रतिविष, मोजून घ्या. तफावत असेल तर यादीवरच शेरा मारा, नंतर कोणी ऐकत नाही. ऑक्सिजनच्या टाकीचा परवाना कधीपर्यंत आहे ते बघा. नवजात अतिदक्षता कक्षाच्या वायरिंगची आणि अग्निसुरक्षेची तपासणी शेवटची कधी झाली, कागद मागा. भंडाऱ्याला जानेवारी 2021 मध्ये जिल्हा रुग्णालयात 10 बाळं गेली, तो प्रसंग प्रत्येक अधिष्ठात्याने डोक्यात ठेवावा. कागद नसेल तर त्याच दिवशी बांधकाम विभागाला पत्र, पोच घेऊन.

मग एका रात्री, कोणाला न सांगता, सगळे वॉर्ड फिरा. बरोबर फक्त रात्रपाळीच्या मेट्रन.

नाइट_ड्युटी

आणि निवासी डॉक्टरांची मेस आणि ड्युटी रूम बघा प्लीज. मुलींच्या ड्युटी रूमला आतून कडी आहे का, तेवढं नक्की.

मुठाकाठ

लिहून घेतलं. @शस्त्र_म्यान, पदभार यादीचा एखादा जुना नमुना तुमच्याकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

शस्त्र_म्यान

आहे. नावं खोडून संध्याकाळी पाठवतो.